‘एक नंबर’ घेतला तरी गोष्ट मधूनच का सुरू होते? सुपरहिरो कॉमिक्स नव्याने वाचणाऱ्यांच्या नेहमीच्या अडचणी

सुपरहिरोंचा नवा सिनेमा लागला की थोड्याच दिवसांत इंदुरातल्या आमच्या वाचनालयात कुणी ना कुणी तीच तक्रार घेऊन येतं. रामबागेतला कॉलेजचा मुलगा असो की नातवाचा हात धरून सुदामानगरहून आलेले आजोबा, वाक्य एकच: ‘अंक घेतला, चार पानं वाचली, काही कळलं नाही.’ मुलगा पक्का इंदुरी असेल तर पुढे विचारतो, ‘भिया, हे वाचायला आधी काय काय वाचावं लागतं?’

काही वाचावं लागत नाही. पण एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी हेच हातात देईन.

बहुतेक घोटाळा निवडतानाच होतो. आपण आकडा बघून अंक उचलतो. ही पुस्तकं लेखकाचं नाव आणि वर्ष बघून उचलायची असतात. खालच्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिथूनच येतात.

मुखपृष्ठावर ‘१’ आहे, आत मात्र सगळे एकमेकांना आधीच ओळखतात

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ घ्या. या मालिकेचा पहिला अंक १९६३ चा. १९९९ मध्ये पुन्हा पहिला अंक. मग २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५, दर वेळी पहिला अंक! मधेच २००३ मध्ये जुनी मोजणी परत आणून ५०० वा अंक काढला, ती २०१२ च्या अखेरीस ७०० पर्यंत नेली आणि सोडून दिली. तेव्हा दुकानात जाऊन ‘स्पायडर-मॅनचा पहिला द्या’ म्हटलं तर दुकानदार जे देईल ते खोटं नसतं, फक्त तुम्हाला हवं ते नसतं.

हे होतं धंद्यामुळे. अमेरिकेत कॉमिक्सची खास दुकानं असतात. ती अंक आधी मागणी नोंदवून घेतात आणि न खपलेला माल सहसा परत जात नाही. एक नंबर जास्त मागवला जातो, म्हणून लेखक बदलला, सिनेमा आला किंवा खप उतरला की मालिका परत एकपासून मोजतात. सुपरमॅन-बॅटमॅनच्या प्रकाशकांनी, म्हणजे डीसीने, तर सप्टेंबर २०११ मध्ये एकाच महिन्यात ५२ मालिका एक नंबरपासून काढल्या. त्यात १९३८ पासून चालत आलेली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ही होती. २०१६ मध्ये तिला जुना आकडा परत मिळाला, त्यामुळे एप्रिल २०१८ मध्ये तिचा हजारावा अंक साजरा करता आला.

उपाय सोपा आहे. अंकाच्या आत, पहिल्या काही पानांत किंवा शेवटी, बारीक अक्षरांत प्रकाशनाचा मजकूर असतो. तिथे महिना आणि वर्ष बघा. स्पायडर-मॅनचे प्रकाशक मार्व्हल यांच्या बऱ्याच अंकांवर चालू आकड्याशेजारी ‘एलजीवाय’ ही अक्षरं आणि दुसरा एक मोठा आकडा छापतात. तो मूळ मोजणीचा. २०२२ च्या ‘पहिल्या’ स्पायडर-मॅनवर हा आकडा ८९५ आहे. एवढं दिसलं की आतले लोक एकमेकांना का ओळखतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

याच घोटाळ्याचा दुसरा अवतार जाड संग्रहांत भेटतो. पाच-सहा अंक एकत्र बांधून जे पुस्तक काढतात त्याला ट्रेड पेपरबॅक म्हणतात, आणि त्याच्या पाठीवर ‘व्हॉल्यूम १’ लिहिलेलं असतं. कुठल्या मालिकेचं, कुठल्या लेखकाचं, ते तिथे नीट कळत नाही. एका दुकानदाराने आमच्या एका सभासदाला व्हॉल्यूम एकऐवजी दोन दिलं आणि वर ‘दोन्ही सेमच आहे’ असं सांगितलं. सेम नव्हतं. मागच्या पानावर किंवा आत ‘कलेक्ट्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ असते: या पुस्तकात अमुक मालिकेचे अमुक ते अमुक अंक आहेत. पैसे देण्याआधी ती ओळ वाचा. ऑनलाइन घेत असाल तर पानाचा फोटो मोठा करून वाचा. बाकी मुखपृष्ठ, पाठ, ‘बेस्टसेलर’चा शिक्का, यातल्या कशावरही विसंबू नका.

‘मग अगदी १९३८ पासूनच सुरू करतो’

वैतागलेले लोक या टोकाला जातात. सुपरमॅन आला जून १९३८ ही तारीख असलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. बॅटमॅन मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २७ मध्ये, अवघ्या सहा पानांच्या गोष्टीत. त्या काळचा सुपरमॅन उडत नाही, लांब उड्या मारतो. सुरुवातीचा बॅटमॅन माणसं मारतो. इतिहास म्हणून हे सगळं मजेदार आहे, पण आज ज्या पात्राच्या प्रेमात पडून तुम्ही आलात ते तिथे सापडणार नाही. शिवाय चित्रात जे दिसतंय तेच वरच्या चौकटीत शब्दांत सांगायची तेव्हा पद्धत होती, आणि ती आजच्या वाचकाला दमवते.

माझ्या मते अपवाद एकच. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडर-मॅन: ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ १५ मधली गोष्ट आणि नंतर त्याच्या स्वतःच्या मालिकेचे पहिले ३८ अंक. पैशांची चणचण, काकूचं आजारपण, कचेरीतला तिरसट संपादक, हे सगळं अजूनही ताजं वाटतं. जुनं वाचायचंच असेल तर इथून वाचा.

पहिल्या अंकाचा हा हट्ट आपल्याकडे आला कुठून, हेही मला कोडंच आहे. आपल्या घरातल्या आधीच्या पिढीने वेताळ वाचला तो असा हट्ट न धरता. वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सुरू झाला १९३६ मध्ये. इंद्रजाल कॉमिक्सने मार्च १९६४ मध्ये आपला पहिलाच अंक त्याच्या पट्ट्याच्या गोष्टीवर काढला. मराठीतही इंद्रजाल निघत असे. आमच्याकडचे ज्येष्ठ सभासद सांगतात की प्रवासात मिळाला तो अंक घ्यायचा, वाचायचा आणि शेजारी देऊन टाकायचा. हा एकविसावा वेताळ आहे, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, म्हणून जंगलात त्याला अमर समजतात. एवढं दोन ओळींत कळायचं आणि गोष्ट सुरू व्हायची. आधीचे वीस कोण होते, याची चौकशी करत कुणी अडून बसलं नाही.

मग उचलायचं काय?

एका लेखकाने (आणि जमलं तर एका चित्रकाराने) सलग लिहिलेला तुकडा. इंग्रजीत वाचणारे त्याला ‘रन’ म्हणतात. त्याला सुरुवात असते, मध्य असतो आणि बहुतेक वेळा बरा शेवटही असतो. साठ-ऐंशी वर्षांची मालिका म्हणजे अशा रनची माळ. त्यातला एक उचलायचा.

बॅटमॅनसाठी मी डोळे मिटून ‘बॅटमॅन: इयर वन’ हातात देतो. फ्रँक मिलरचं लेखन, डेव्हिड मझुकेल्लीची चित्रं, १९८७. मूळ मालिकेचे फक्त चार अंक, ४०४ ते ४०७. आकडा चारशेचा बघून घाबरू नका. नवख्या माणसाला याहून सोपं दार मिळायचं नाही. गोष्ट ४ जानेवारीला सुरू होते. जेम्स गॉर्डन नावाचा पोलीस अधिकारी आगगाडीने गॉथममध्ये येतो, त्याच दिवशी ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, विमानाने परत येतो. एकाला शहर खालून दिसतं, दुसऱ्याला वरून. मग वर्षभर, चौकटींवर तारखा टाकत, दोघांच्या कहाण्या शेजारी शेजारी चालतात. तारखा असल्यामुळे वाचणारा कुठे हरवत नाही. आणि ही गोष्ट जितकी बॅटमॅनची तितकीच गॉर्डनची आहे: भ्रष्ट ठाण्यातला एक माणूस, गरोदर बायको, डळमळणारी नीती. सुपरहिरो म्हणजे पोरखेळ असं म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम हेच देतो.

ते आवडलं तर १९९६-९७ चं १३ अंकी ‘द लाँग हॅलोविन’, जेफ लोब आणि टिम सेल यांचं. एक खुनी, दर महिन्याच्या सणाला एक खून. त्याहून आजच्या चालीचं हवं तर स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कापुलो यांचं २०११ पासूनचं घुबडांच्या दरबाराचं कथानक. डीसीने २०२४ पासून छोट्या आकाराचे, ९.९९ डॉलर छापील किमतीचे ‘कॉम्पॅक्ट’ संग्रह काढले, त्यात हे मिळतं.

सुपरमॅन कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी ‘ऑल-स्टार सुपरमॅन’चे १२ अंक वाचावेत. ग्रँट मॉरिसनने त्याची जन्मकथा पहिल्याच पानावर चार चित्रांत आणि मोजक्या शब्दांत उरकली आहे. हसायचं असेल तर मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांचा २०१२ चा ‘हॉकआय’. त्यातला एक अख्खा अंक कुत्र्याच्या नजरेतून आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने विचारलं तर २०१४ ची ‘मिस मार्व्हल’: जर्सी सिटीतली कमला खान, घरात पाकिस्तानी आईबाप, बाहेर अंगात आलेली विचित्र शक्ती. रात्री उशिरा घरी आल्यावर जी बोलणी बसतात ती आपल्याकडच्या कुठल्याही घरातली वाटतील.

प्रकाशकांनाही ही अडचण ठाऊक आहे. म्हणून मार्व्हलने २००० मध्ये ‘अल्टिमेट’ नावाने सगळं कोऱ्या पाटीवर सुरू केलं. पंधरा वर्षांत त्या पाटीवरही इतकं लिहिलं गेलं की २०१५ मध्ये ती पुसावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये नवा ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ आला. त्यात पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, शक्ती मिळते तेव्हा तो दोन मुलांचा बाप आहे. ऑक्टोबर २०२४ पासून डीसीचा ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ आहे, ज्यात ब्रूसकडे गडगंज पैसाच नाही. दोन्ही नव्याने सुरू करायला चांगले. फार वाट पाहू नका, इथेही ढीग साचायचाच.

‘चौथ्या अंकात लिहिलंय, पुढचं दुसऱ्या मालिकेत वाचा’

हा क्रॉसओव्हर. दर एक-दोन वर्षांनी सगळ्या नायकांना एकत्र ओढणारं मोठं प्रकरण काढतात आणि त्याचे धागे इतर मालिकांत सोडतात. उदाहरण ‘सिव्हिल वॉर’, २००६-०७. मूळ मालिका सात अंकांची. तिला जोडलेले इतर मालिकांचे अंक इतके आहेत की त्यांच्या याद्या करणारे लोक आहेत. ते सात वाचा आणि थांबा. गोष्ट कळते. एखाद्याचं विशेष प्रेम असेल तर फक्त त्याच्या मालिकेतले जोडअंक नंतर बघा.

चौकटीच्या कडेला फुलीसारखी खूण आणि खाली ‘अमुक अंक पाहा’ अशी संपादकाची टीप दिसते, ती बघून पुष्कळ जण धास्तावतात. टीप म्हणजे गृहपाठ नव्हे. लग्नाच्या पंगतीत समोरचा मनुष्य नवरीचा कोण लागतो ते माहीत नसलं म्हणून आपण जेवायचं थांबत नाही. कुणीतरी ओघात सांगतंच. तसंच पुढे वाचत राहा. दोन अंकांनंतरही ती माहिती नसल्यामुळे अडलं, तरच शोधा.

‘हा तर मेला होता ना?’

होता. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅन मेला, वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या, पुढच्या वर्षी परत आला. २००७ मध्ये कॅप्टन अमेरिकाला गोळ्या घातल्या, तोही परतला. सगळ्यात विलक्षण किस्सा बॅटमॅनच्या पोरसवदा साथीदाराचा, म्हणजे रॉबिनचा; त्यातही दुसऱ्या रॉबिनचा, जेसन टॉडचा. १९८८ मध्ये डीसीने वाचकांना दोन फोन नंबर दिले: एक त्याला वाचवायला, एक मारायला. मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला! २००५ मध्ये तोही बॅटमॅनसमोर उभा राहिला, मुखवटा घालून, भलताच रागावलेला.

म्हणून मरण आलं की एवढंच विचारा: या लेखकाच्या या गोष्टीत ते नीट रंगवलंय का? पुढचा लेखक काय करणार हे तुमच्या हातात नाही. रॉबिन कोणता, एवढं मात्र लक्षात असू द्या. डिक ग्रेसन (१९४० पासून, १९८४ मध्ये तो नाइटविंग झाला), जेसन टॉड, टिम ड्रेक आणि बॅटमॅनचा स्वतःचा मुलगा डेमियन. मधे थोडे दिवस स्टेफनी ब्राउन नावाची मुलगीही होती. पुस्तकाचं वर्ष बघितलं की कोणता ते कळतं.

वयाचा हिशेब तर करूच नका. आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता, नंतरच्या लेखकांनी ते अफगाणिस्तानात नेलं. पात्रं तेवढीच राहतात, मागची युद्धं सरकत जातात.

सिनेमात वेगळं, पुस्तकात वेगळं

हे असंच असतं. सिनेमेवाले इकडून तिकडून उचलतात. कॉमिक्समधला हेरांचा प्रमुख निक फ्युरी मुळात गोरा. २००२ च्या ‘द अल्टिमेट्स’मध्ये तो सॅम्युएल एल. जॅक्सनसारखा काढला आणि पुढे पडद्यावर खुद्द जॅक्सनच आला. सिनेमा बघून आलात तर त्या सिनेमाचं नाव असलेलं पुस्तक शोधू नका. त्यातलं कोणतं पात्र आवडलं ते सांगा, त्याचा रन शोधू.

फोनवर वाचताना

मार्व्हल अनलिमिटेड या त्यांच्या वाचनाच्या अ‍ॅपवर नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात आणि जुन्याचा समुद्र आहे. तिथे प्रत्येक मालिकेच्या नावापुढे वर्षं लिहिलेली असतात. शोधताना नाव आणि वर्ष दोन्ही बघा, नाहीतर पुन्हा पहिल्या अडचणीवर. एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते, ती पहिल्या वाचनाला वापरू नका; पूर्ण पान एका नजरेत बघायची सवय लागू द्या. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि एका चौकटीत दोन फुगे असतील तर वरचा आधी. जपानी मांगा उलट, उजवीकडून. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केलेल्या मुलांचा गोंधळ होतो.

इंदुरात काय मिळतं

खजुरी बाजारात शाळेची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं खच्चून. कॉमिक्स शोधावं लागतं, आणि जुन्या सुट्या अमेरिकी अंकांवर हात पडला तर तो गोष्टीचा मधला तुकडा असण्याचीच शक्यता जास्त. चित्रांसाठी घ्या, गोष्टीसाठी नको. गोष्टीसाठी संग्रहच मागवा, आणि एका वेळी एकच. ऑम्निबस नावाचं विटेएवढं पुस्तक पहिल्या खेपेला घेऊ नका. हात दुखतात आणि पैसे गेले म्हणून वाचणं ही शिक्षा होते.

इथली आपली मुलं हिंदी सहज वाचतात, तेव्हा राज कॉमिक्सही विसरू नका. नागराज १९८६ चा. त्याचे सुरुवातीचे अंक रंगवणारे प्रताप मुळीक अमर चित्र कथेमुळे मराठी घरांना आधीच माहीत होते. माझी शिफारस मात्र अनुपम सिन्हांच्या सुपर कमांडो ध्रुवची. १९८७ च्या ‘प्रतिशोध की ज्वाला’मध्ये सर्कशीत वाढलेला, कुठलीही दैवी शक्ती नसलेला मुलगा नायक कसा झाला ते एकाच पुस्तकात पूर्ण होतं. मागचं काही माहीत असावं लागत नाही. आता राज कॉमिक्स गुप्ता बंधूंच्या वेगवेगळ्या नावांखाली निघतं आणि जुन्या कथा पुन्हा छापल्या जातात, त्यामुळे तीच गोष्ट दोनदा विकत घ्याल. आधी कथेचं नाव बघा, मग आवृत्तीचं.

नातवासाठी हवं असेल तर

सुदामानगरच्या आजोबांसाठी हे वेगळं. वर सांगितलेलं ‘इयर वन’ दहा वर्षांच्या मुलाला देऊ नका. त्यात हाणामारी आहे, वेश्यावस्ती आहे, विवाहबाह्य संबंध आहेत. ‘द लाँग हॅलोविन’ही नको. नायक ओळखीचा आहे म्हणजे पुस्तक मुलांचं आहे असं अजिबात नाही, मागच्या बाजूचा वयाचा शिक्का बघा. अकरा-बाराच्या मुलाला मी जीन लुएन यांगचं ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ देतो. १९४६ च्या रेडिओ मालिकेवरून केलेलं, गुरिहिरूंच्या स्वच्छ चित्रांचं, एका पुस्तकात संपणारं. नव्या वस्तीत राहायला आलेलं चिनी कुटुंब आणि त्यांना हुसकावू पाहणारी ‘क्लॅन’ ही गोऱ्यांची वर्णद्वेषी टोळी असा विषय आहे, तेव्हा मुलगा प्रश्न विचारणार. इंग्रजी अडत असेल तर पहिली वीस पानं शेजारी बसून वाचा. त्यापुढे बहुतेक मुलं पुस्तक हातातून ओढून घेतात.